‘पुढे कोरं’ लिहिलेलं रीळ

सर,

तुमच्या शोकसभेला मी आले नाही. शाळेत परीक्षा चालू आहेत, हिंगण्याहून यायला दोन बस बदलाव्या लागतात, असं काहीबाही मी निरोप घेऊन आलेल्या शिपायाला सांगितलं. खरं कारण असं, की तिथे मला बोलायला उभं केलं असतं आणि मी चारचौघांसारखं गोड बोलून खाली बसले असते. कोणी तुमच्या व्यासंगाबद्दल बोललं असेल, कोणी कामगार बायकांविषयीच्या तुमच्या कळवळ्याबद्दल. मग दोन मिनिटं स्तब्धता आणि व्हरांड्यात चहा. आता कॉलेजनं स्मृतिअंकासाठी लेख मागितला आहे. तो मात्र लिहिते. छापायचा की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

तुमच्या तोंडावर मी दहा वर्षं वाईटच बोलत आले. आता एकदम चांगलं लिहिलं तर तुम्हालाच ते खटकेल.

तुमचे इतर विद्यार्थी ज्यांना ओळखतात ते सर मला पहिल्यांदा भेटले ते कन्हानच्या बसमध्ये. बांगलादेशची लढाई झाली तो हिवाळा. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कोळसाखाणीच्या चाळीत वाढलेली, आमच्या ओळीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. तुम्हाला खाणीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, काळात कोळसा कमी पडला तेव्हा बायकांना खाली उतरवलं होतं, त्या बायका अजून हयात होत्या, आणि त्यांचं कोणी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. हे तुमच्या आधी कोणाच्या डोक्यात आलं नाही, हे मी मान्य करते. माझ्याही आलं नव्हतं, आणि मी तर त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली.

मला बरोबर घेतलंत ते दार उघडावं म्हणून. हे तुम्ही कधी लपवलंही नाही. “मी गेलो तर त्या पदर ओढून बसतील, सुलोचना. तू गेलीस तर बोलतील,” असं बसमध्येच म्हणालात. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

टेपरेकॉर्डर रेक्झिनच्या पेटीतला, सेलवर चालणारा, दोन रिळांचा. बसस्टँडपासून चाळीपर्यंत तुम्ही तो स्वतः उचलायचात, मला हात लावू द्यायचा नाहीत, आणि तिथे पोचलं की माझ्या हवाली करायचात. यंत्राची तुम्हाला भीतीच होती. चालू-बंद मी करायची, रीळ मी बदलायची, सेल मी तपासायची. प्रश्न तुम्ही विचारायचे.

रिळं सहाच होती. कॉलेजकडून सातवं मिळेना, म्हणून तुम्ही ती रीत काढलीत. मुलाखत घरी आणायची, मी ती कागदावर उतरवायची, तुम्ही एकदा वाचून सही करायची, आणि मग त्याच रिळावर पुढची बाई. चाळीस बायका सहा रिळांवर एकावर एक बोलल्या. मी एकदा म्हटलं होतं, सर, यांचे आवाज जातात. तुम्ही म्हणालात, “आशय कागदावर आलाय ना? आवाज घेऊन काय करायचंय?” हे सांगणारा माणूस वर्गात मात्र शिकवायचा की मुलाखतीत गप्प बसणंसुद्धा ऐकायचं असतं. गप्प बसणं कागदावर कसं उतरवायचं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी कंसात ‘थांबली’ असं लिहायची. तुम्ही ते खोडायचात. हसणं खोडायचात, खोकला खोडायचात, ‘माय वं’ खोडायचात. चाळीस बायका तुमच्या पुस्तकात एकसारख्या बोलतात, एकाच शाळेत शिकल्यासारख्या.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत तुम्ही लिहिलंत की या घरांमध्ये आपण निःसंकोच चहा प्यायलो. वाचून आमच्या ओळीतल्या एका मास्तरांनी मला विचारलं होतं, त्यात छापण्यासारखं काय आहे? तुमच्या घरी प्यायलेल्या चहाबद्दल मी कुठेच लिहिलं नाही. काकू छान करायच्या, आलं घालून.

पण तुमच्याशी माझं भांडण चहाचं किंवा खोकल्याचं नव्हतं. ते पार्बतामायचं होतं.

पार्बतामाय खाणीच्या बत्तीघरात कामाला होती. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला तिथून दिवा मिळायचा आणि वर आल्यावर तो तिथेच परत द्यायचा. दिवे पुसायचे, भरायचे, टांगायचे, हे तिचं काम. चाळीत मात्र ती ओळखली जायची ती वेगळ्या कामासाठी. आमच्याकडे मूल जन्मलं की तिलाच बोलावणं जायचं. ती अंगणात पाय लांब करून बसायची, मूल पायांवर घ्यायची, तेल चोळून कढत पाण्यानं न्हाऊ घालायची. चाळीतली सगळी पोरं तिच्या पायांवर न्हालेली. मीसुद्धा. मी कॉलेजात जायला लागले तरी ती भेटली की माझं नाक ओढून म्हणायची, “हे म्याच सरळ केलं, नाई त चपटं होतं तुयं.”

तिच्या मुलाखतीत तुम्हाला ते सापडलं, जे तुमच्या पुस्तकाचं सगळ्यात गाजलेलं पान झालं. वीस वर्षांपूर्वीच्या संपात चार माणसांची नावं कोणीतरी साहेबाला सांगितली होती. बत्तीघरामागे जमणारी ती चार माणसं कायमची कामावरून गेली. नावं कोणी दिली हे चाळीला कधी कळलं नाही. पार्बतामायनं दिली होती. तुम्ही ते छापलंत. तिचं नाव बदलून ‘सीताबाई’ केलंत आणि कर्तव्य संपलं असं मानलंत. बाकी सगळं तसंच ठेवलंत, बत्तीघर, दिवे, नवऱ्याचा दमा. अहो सर, त्या खाणीच्या बत्तीघरात बाई एकच होती. तिला सीताबाई म्हणा नाहीतर राणी म्हणा.

पुस्तक कन्हानला कोणी वाचलं नसतं. पण तुम्हाला त्याच पानावर पुन्हा पुन्हा हात मारायची सवय लागली. आधी प्रबंध, मग पुस्तक, मग व्याख्यान, आणि मग नागपूरच्या एका दैनिकाची रविवारची पुरवणी. ती पुरवणी कन्हानच्या हॉटेलात कोणीतरी मोठ्यानं वाचली.

चाळीत कोणी तिला शिवी दिली नाही, दगड मारला नाही. मुलं न्हाऊ घालायला तिला बोलवायचं बंद झालं. एवढंच. दुसऱ्या ओळीतली एक बाई यायला लागली, तिला नीट जमायचं नाही, मुलं किंचाळायची, तरी तिलाच बोलवायचे. पार्बतामाय तेल कोमट करून ठेवायची. तिच्या मुलीनं, शेवंतानं, मला हे सांगितलं. शेजारच्या घरी मूल जन्मलं हे रडण्यावरून कळलं की ती तेलाची वाटी चुलीजवळ सरकवायची आणि बोलावणं येईल म्हणून दारात बसायची.

त्या आठवड्यात मी तुमच्याकडे आले ते तुम्हाला आठवत असेल. काकू दार उघडून आत निघून गेल्या. मी बसलेही नाही. म्हटलं, सर, तिनं मशीन बंद करायला सांगितलं होतं. ती बोलली ते मशीन बंद आहे असं समजून. तुम्ही समोर बसला होतात, पांढऱ्या शर्टात, तुम्ही मान हलवलीत, आणि तरी छापलंत.

तुम्ही चष्मा काढून म्हणालात, “तुझ्या कागदात तसं काहीही नाही.”

“कागदात नसेल. मी ऐकलंय.”

“मला वाटतं मी तेव्हा खोलीत नव्हतोच, सुलोचना.”

मी हसले होते. किती सोयीचं, असं म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, रीळ असतं तर लावून पाहिलं असतं. पण रीळ तर आपण पुसलं. त्यावर भागाबाई बोलली. आता तुझा शब्द आणि माझा. आणि मग ते वाक्य, जे मी पुढे तुमच्याविरुद्ध शंभर वेळा सांगितलं: “आठवण आपली सोय पाहते. मी हे तुला पहिल्याच तासाला शिकवलंय.”

त्या दिवसापासून मी तुमचं काम सोडलं. शाळेत लागले. पण तुम्हाला सोडलं नाही. पत्रं लिहिली, जाणूनबुजून उघडी पोस्टकार्डं, पोस्टमननंही वाचावीत म्हणून. तुमच्या सत्काराला मी काळी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले. आणि त्या सेमिनारला, बाहेरगावचे विद्वान बसलेले असताना, मी उभी राहिले आणि विचारलं, “सर, पार्बताबाईला तुम्ही काय शब्द दिला होता ते या सगळ्यांना सांगाल का?” तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. मग म्हणालात, “पुढचा प्रश्न.”

घरी येऊन मी जेवले, आणि पोटभर जेवले. जिंकल्यासारखं वाटलं होतं.

पार्बतामाय त्यानंतर दीड वर्षानं गेली. खांदा द्यायला माणसं खापरखेड्याहून आणावी लागली, जावयाच्या कॉलनीतली. मीही होते. मी परत येताना बसमध्ये तुम्हाला मनातल्या मनात जे जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

आता तुम्हीही गेलात. तुमचं तेरावं झालं आणि काकूंचा निरोप आला की येऊन जा. मला वाटलं, आता रडतील, आणि मला जवळ बसावं लागेल. त्या रडल्या नाहीत. कपाट उघडून त्यांनी सहा रिळं आणि ती रेक्झिनची पेटी पुढे केली. “कॉलेजच्या लायब्ररीत द्यायचंय म्हणे. आधी यादी तू करावीस असं हे सांगून गेलेत. घेऊन जा बाई. कपाटाला कुबट वास येतो.” दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “तुझ्यावर कधी रागावले नाहीत हो ते. मीच रागावले होते. अजून आहे.” मला काकू त्या दिवशी पहिल्यांदा आवडल्या.

आता म्हणे जुन्या मुलाखती जपून ठेवायचे दिवस आले आहेत. एकानं एका कामासाठी घेतलेली मुलाखत दुसरा दहा वर्षांनी वेगळ्या कामासाठी ऐकतो. दिल्लीची एक मुलगी लायब्ररीत खेपा घालून राहिली आहे, तिला खाणीतल्या बायकांची गाणी हवी आहेत. तुम्ही चौतीस बायकांच्या तोंडची गाणी पुसलीत, आणि उरलेल्या सहांकडे ती पोरगी डोळे लावून बसली आहे. मी ग्रंथपालांना म्हटलं, आधी ऐकून पाहते काय जिवंत आहे.

मागच्या रविवारी दुपारी मी यादी करायला बसले. नवे सेल घातले. प्रत्येक खोक्यावर तुमच्या अक्षरात नाव. पाचव्या रिळावर ‘भागाबाई’, माझ्या काळातल्या निळ्या शाईत. आणि त्याखाली हिरव्या शाईत, थरथरत्या अक्षरात: ‘पुढे कोरं.’

हिरवी शाई तुम्ही निवृत्त झाल्यावर वापरायला लागलात. म्हणजे निवृत्तीनंतर हे रीळ तुम्ही ऐकलं होतंत. मला त्यात तेव्हा काही वाटलं नाही. सेमिनारच्या आधीच्या वर्षी पुण्याच्या कोणाला तरी नकला करून हव्या होत्या, तेव्हा ऐकलं असेल. मी यादीत ‘भागाबाई, पुढे कोरं’ असंच लिहून टाकलं असतं. पण भागाबाई दम्याची, थोडंच बोलली होती, आणि तिचं बोलणं संपलं तेव्हा मी स्वयंपाकघरात भात उतरवत होते. रीळ तसंच फिरत राहिलं. थोडी खरखर झाली. आणि मग बाहेरच्या खोलीत पार्बतामाय खोकली.

मी भाताचं पातेलं हातात घेऊनच बाहेर आले. सर, तुमच्या लक्षात आलं असेल तेव्हा तुम्हीही असेच उभे राहिला असाल. नवी मुलाखत जुनीपेक्षा आखूड पडली, तर जुनीचा शेवट तसाच राहतो. इतक्या वर्षांत हे आपल्यापैकी कोणाला सुचलं नाही. आपण दोघं किती शिकलेले होतो.

त्या टेपवर काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. मी तुमच्यासाठी नाही, हा लेख वाचणाऱ्यांसाठी लिहिते.

पार्बतामाय विचारते, “तो मास्तर कोठी गेला वं?”

माझा आवाज म्हणतो, “सिगरेट प्याले गेले. तिकडं पंपाजवळ उभे हायेत.”

“मंग हे मशीन बंद कर न. एक सांगतो तुले. कोनाले नाही सांगितलं आजलोक.”

आणि माझा आवाज, लगेच, जराही न अडखळता: “केली माय. बोल.”

बंद करताना त्या यंत्राचा खटका मोठा वाजायचा. तो वाजत नाही. ती बोलते. नावं दिली ते सांगते, आणि का दिली ते सांगते. नवरा खाणीच्या दवाखान्यात होता, श्वास लागलेला. साहेबाचा बाबू म्हणाला होता, नावं दे नाहीतर खाट रिकामी कर. ती म्हणते, “म्या खाट पाह्यली, बाई. त्या चौघायचे घरं मले दिसलेच नाही तवा. खाटच दिसे.” मग बराच वेळ काही नाही, नुसतं नाक ओढणं. आणि त्यानंतर माझा आवाज विचारतो, “कोनकोनाची नावं देल्ली, माय?”

हे ऐकून मी खाली बसले. कारण ती चार नावं चाळीतल्या प्रत्येकाला पाठ होती. मलाही होती. मला विचारायची काहीच गरज नव्हती. ती मी मशीनसाठी विचारली. त्यामुळे खटका दाबायचा राहून गेला, घाईत झालं, असं मला स्वतःलाही सांगता येत नाही. मला माहीत होतं रीळ फिरतंय.

मी माझे जुने कागद काढले. ते मी जपून ठेवले होते, तुमच्याविरुद्ध कधीतरी उपयोगी पडतील म्हणून. माझ्या अक्षरात तो भाग ‘एक सांगतो तुले’ इथून सुरू होतो. त्याआधीच्या ओळी मी उतरवल्याच नव्हत्या. तुम्ही म्हणाला होतात, तुझ्या कागदात तसं काही नाही. तुम्ही खोलीत नव्हता असं म्हणाला होतात. दोन्ही खरं होतं. मग तुमचा तो पांढरा शर्ट, तुमची हललेली मान, हे मी कुठून आणलं? दहा वर्षं मी ती मान हलताना पाहिली आहे, सर. आताही डोळे मिटले की दिसते.

आता तुमच्याबद्दल. तुम्हाला वाटत असेल, ही आता विरघळेल. म्हणेल, सरांच्या हातात पुरावा होता, सेमिनारमध्ये ते रीळ लावून माझं तोंड कायमचं बंद करू शकले असते, पण त्यांनी शिव्या खाल्ल्या आणि मला सांभाळलं. तसं झालंय हे मला कळतं. ‘पुढचा प्रश्न’ म्हणताना तुम्ही माझ्याकडे का पाहत होतात हेही आता कळतं. दोन दिवस मी त्यावर रडलेही. खोटं कशाला बोलू, मला तुमची फार आठवण आली. पहिल्या उन्हाळ्यात मी तापानं पडले होते तेव्हा ती पेटी घेऊन एकटेच चाळीत गेला होतात, आणि एकही बाई बोलली नाही म्हणून तसेच परत आलात, आणि माझ्या वडिलांजवळ बसून मला शिकू द्या म्हणून तासभर भांडलात. माझा बाप कोणाचं ऐकायचा नाही. तुमचं ऐकलं.

पण तिसऱ्या दिवशी मी हिशेब लावला की सेमिनार झाला तेव्हा पार्बतामाय जिवंत होती. पुढे दीड वर्ष होती. कन्हानची बस अर्ध्या अर्ध्या तासाला असते. तुम्ही मला त्या संध्याकाळी बोलावून रीळ लावलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी तिच्या पायाशी जाऊन बसले असते. तिनं मला हाकललं असतं किंवा नाक ओढलं असतं. जे काही असेल ते मला मिळालं असतं. तुम्ही मला जपलंत, आणि त्यासाठी तिचं दीड वर्ष वापरलंत. ते तुमचं नव्हतं.

आणि मलाच जपत होतात का, याचीही मला खात्री नाही. त्या रिळावर खाटेची गोष्ट आहे. माझ्या कागदातही ती सव्वा पान होती. तुमच्या पुस्तकात तिचा एक शब्द नाही. मी तुमची तपासलेली प्रत पाहिली आहे, समासात लिहिलंय, ‘विषयाला सोडून’. तिनं काय केलं ते तुम्ही तीनदा छापलंत आणि का केलं ते एकदाही नाही. ते रीळ लोकांपुढे आलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं आणि तुमची कात्रीही. दोघांचं झाकायला दोनच शब्द पुरले, तेही हिरव्या शाईत. म्हणून मी तुमचे आभार मानत नाही. जे केलंत ते माझ्यासाठी केलंत असं मरताना तुम्हाला वाटलं असेल, तर वाटू दे.

मी पेटी उचलली आणि खापरखेड्याला शेवंताकडे गेले. वीज केंद्राच्या कॉलनीत तिचं क्वार्टर आहे. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडते म्हणून ती दोऱ्यांवर जुनी चादर टाकते. नवरा ड्यूटीवर होता. मी काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, मायचा आवाज सापडला. तिनं हात पुसले आणि स्टुलासमोर येऊन बसली.

पहिल्यांदा ऐकून ती म्हणाली, “आवाज लहान वाटून राह्यला मायचा.” दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. खाटेचं आलं तेव्हा तिनं तोंडावर पदर घेतला. तिच्या बापाची ती खाट. तिलाही हे कधी सांगितलं नव्हतं मायनं. तिसऱ्यांदा मात्र ती माझ्याकडे पाहत ऐकत होती.

“हे तू होय?”

“हो.”

“मास्तर नव्हता तिथं?”

“नाही.”

कुकरची शिट्टी झाली. ती उठून गॅस बंद करून आली. मग शांतपणे म्हणाली, “मरेलोक माय म्हणे, मास्तरनं फसवलं. आपल्या सुलोचनीचं नाव काही घेऊ नका म्हणे, थे पोरगी काय करन बिचारी. मास्तरले थुकली माय. मीबी थुकली.”

मी रीळ मागे गुंडाळायला घेतलं.

“आता मास्तरबी मेला,” ती म्हणाली. “म्हंजे तुयं काहीच नाही बिघडलं.”

ते ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, शेवंता, हे रीळ तुझं आहे. तू म्हणशील तर आत्ता इथे पुसते. कोणाला कळणार नाही. खरं सांगते सर, ते मी तिच्यासाठी विचारलं की माझ्यासाठी, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

“काहून पुसाचं?” ती म्हणाली. “पुसलं त पुस्तकात हाय थेच राहीन. नावं देल्ली म्हणून. खाटीचं कोन सांगन मंग? ठेव हे. पहिले कन्हानले ऐकव, चाळीतल्या लोकायले. त्या चौघातले झिबलकाका अजून हायेत, त्यायले पुढं बसव. मंग दे त्या लायब्ररीले, दिल्लीच्या पोरीले, कोनाले द्याचं त्याले.” आणि मी पेटी बंद करायला लागले तेव्हा म्हणाली, “पण माय बोलते त्याच्या अगोदर तू बोलशीन. तू काय केलं थे. मशीन कोनाच्या हाती होती थे. मायचं कोनं ऐको, तुयं पहिले ऐकलं पायजे.”

दिल्लीच्या मुलीला मी कळवलं आहे की तिला थोडं थांबावं लागेल. ग्रंथपालांना सांगितलं की या रिळासोबत एक दुसरं रीळ जोडलेलं असेल, ते आधी ऐकवल्याशिवाय हे कोणाला द्यायचं नाही. त्यांना हे कुठल्या नियमात बसतं कळेना. मी म्हटलं, नियम पार्बतामायच्या मुलीनं केला आहे, तुम्ही लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं. यादीत मी भागाबाईच्या पुढे पार्बतामायचं खरं नाव लिहिलंय आणि तुमची हिरवी अक्षरं तशीच ठेवली आहेत, खोडली नाहीत. येणाऱ्या अभ्यासकाला ती दिसू देत.

या रविवारी कन्हानच्या विहारासमोर सतरंजी घालतील. शेवंता येणार आहे, तिनं स्वतः जाऊन झिबलकाकांना सांगितलंय. ते येतो म्हणाले नाहीत, नाही असंही म्हणाले नाहीत. पेटी या वेळी मीच उचलणार. मला वाटलं होतं वर्गात शिकवणाऱ्या बाईला तीन वाक्यं बोलायला काय लागतं, पण सकाळपासून मी ती म्हणून पाहते आहे आणि दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, प्रास्ताविक कर, संदर्भ दे. मी काहीही करणार नाही. चाळीच्याच बोलीत बोलणार आहे, आणि एवढंच बोलणार आहे:

“मायनं मले सांगितलं, मशीन बंद कर. म्या म्हणलं, केली. म्या केली नव्हती.”